सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा : घड्याळ लावून की घड्याळ न लावता? (सल्ला हवा आहे)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. मी एरवी इथे फक्त वाचते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझी लेक चोवीस वर्षांची, पुण्यात नोकरीला. तीन वर्षांपूर्वी सायकलचा नाद लागला. गेल्या हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चारही बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, पूर्ण करून 'एसआर' (सुपर रँडोनिअर) झाली. दिवाळीत घरी वाईला आली, फराळ झाला आणि तिने जमिनीवर जगाचा नकाशा पसरला. सायकलने पृथ्वीप्रदक्षिणा करायची आहे, एकटीने, आणि महिलांचा विक्रम मोडायचा आहे म्हणाली. सध्याचा विक्रम १०८ दिवसांचा आहे. त्या दिवसापासून तिचे बाबा जेवताना गप्प असतात.

'जाऊ द्यावं का' हे मी विचारत नाहीये. ती जाणार, हे मला दिसतंय. मला कळत नाही ते वेगळंच. जायचंच तर दोन वर्षं घे, गावं बघ, माणसांशी बोल, त्यांच्या हातचं जेव. घड्याळ लावून पळत सुटलं तर १०८ दिवसांत जगाचं काय दिसणार? यात नेमका काय आनंद आहे, हे लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांनी मला समजावून सांगावं. आणि घरच्यांनी कशाची तयारी ठेवायची, तेही.

घाटवाट
ताई, लेकीचं अभिनंदन. एका हंगामात एसआर म्हणजे पोरखेळ नाही. ६०० ला ४० तास मिळतात आणि दुसऱ्या रात्री झाडंसुद्धा माणसांसारखी दिसायला लागतात.

आधी नियम सांगतो, नाहीतर चर्चा हवेत राहील. गिनेसच्या हिशेबात किमान १८,००० मैल, म्हणजे सुमारे २८,९७० किलोमीटर सायकलने कापावे लागतात. विमान-बोट धरून एकूण प्रवास विषुववृत्ताच्या लांबीइतका, ४०,०७५ किलोमीटर तरी व्हायला हवा. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे, एकच दिशा. जिथून निघालात तिथेच संपवायचं. आणि वाटेत पृथ्वीवरचे दोन परस्परविरुद्ध बिंदू लागले पाहिजेत. पूर्वी विमानप्रवासाचा वेळ घड्याळातून वजा करत, आता करत नाहीत. विमानतळावर सायकलचं खोकं उशिरा आलं तरी घड्याळ चालूच.

फक्त वाचक
परस्परविरुद्ध म्हणजे? आपण लहानपणी म्हणायचो तसं, अंगणात खड्डा खणत गेलो की अमेरिका?

गणित्या
अमेरिका नाही लागत हो, पाणी लागतं. पुण्याच्या बरोबर खाली प्रशांत महासागर आहे, ईस्टर बेटाच्या उत्तरेला. त्या बेटाची स्वतःची विरुद्ध जागा मात्र आपल्या जैसलमेरजवळ येते! पृथ्वीवर पाणीच इतकं आहे की जमिनीच्या विरुद्ध जमीन क्वचितच सापडते. म्हणून विक्रमवाल्यांच्या मार्गात स्पेन आणि न्यूझीलंड ही जोडी पुन्हा पुन्हा दिसते.

आता वेगाचं गणित. ताई वाईच्या आहेत म्हणून आपल्या पुणे–बेंगळुरू हायवेच्या मापाने मांडतो. एकूण दिवसांनी अंतराला भागलं की रोजची सरासरी अशी येते :

आपल्या निगडीची वेदांगी कुलकर्णी, २०१८, सुमारे २९,००० किमी, १५९ दिवस. रोज १८२ किमी. पुण्याहून निघून कराड मागे टाकायचं.
स्कॉटलंडची जेनी ग्रॅहम, २०१८, १२४ दिवस. रोज २३३. पुणे–कोल्हापूर.
अमेरिकेची लेल विल्कॉक्स, २०२४, २९,१६९ किमी, १०८ दिवस १२ तास. रोज २६९. पुणे–निपाणी.
स्कॉटलंडचा मार्क बोमाँट, २०१७, ७८ दिवस १४ तास ४० मिनिटं. रोज ३६८. बेळगाव ओलांडून पुढे.

हे रोज, रविवार धरून. आणि विमानात गेलेले दिवस यातच आहेत, म्हणजे प्रत्यक्ष चालवण्याच्या दिवशी आकडा आणखी वर जातो. बोमाँटचं लक्ष्य दिवसाला २४० मैल होतं, ३८६ किमी.

शेंगदाणा
रोज निपाणी 😳 मी कात्रजचा बोगदा आला की परत फिरतो.

रामेश्वरकर
मी ताईंच्या बाजूने. या विक्रमांत मला रस वाटत नाही. बोमाँटच्या मागे गाडी होती, जेवण देणारे, मालिश करणारे, रस्ता सांगणारे होते. पहाटे चारला सायकलवर बसायचं, चार-चार तासांच्या चार पाळ्या मारायच्या, मधे अर्धा तास, रात्री गाडीत झोपायचं. पॅरिसहून निघून रशिया, मंगोलिया, चीन झाले आणि पाहिलं काय, तर समोरचं चाक.

खरी प्रदक्षिणा आपल्या मुंबईच्या पारशी पोरांची. १९२३ च्या ऑक्टोबरात बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा जण मुंबईहून निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये परतले. साडेचार वर्षं आणि सुमारे ७१,००० किलोमीटर. इराण, मेसोपोटेमिया, सीरियाचं वाळवंट, आल्प्स, अमेरिका, जपान, चीन. तेव्हा डांबरी रस्ते नव्हते, फोन नव्हता. त्यांना जग दिसलं असणार.

आजोबा_दादर
रामेश्वरकर, या तिघांची नावं आज कुणी घेतलेली पाहून फार बरं वाटलं. माझ्या लहानपणी आमच्या सायकलवाल्याच्या दुकानात त्यांची गोष्ट चालायची. तो पंक्चर काढता काढता सांगायचा आणि आम्ही पोरं पंप मारायला धावायचो. पुढे १९३३ मध्ये आणखी तीन मुंबईकर पारशी निघाले, केकी खरस, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ. ते परतले १९४२ ला! जगात महायुद्ध पेटलेलं आणि हे सायकलवर.

त्याच्याही आधीचा थॉमस स्टीव्हन्स. १८८४ ला सॅन फ्रान्सिस्कोहून ती पुढचं चाक छातीएवढं उंच असलेली सायकल घेऊन निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला पोहोचला. अफगाणिस्तानातून वाट मिळाली नाही, म्हणून वळसा घालून हिंदुस्थानात आला आणि लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने गेला.

पेडल_पंढरी
रामेश्वरकर काका, आदर ठेवून असहमत. तुम्ही बोमाँटचं एकच टोक पाहिलंत. जेनी ग्रॅहमच्या मागे गाडी नव्हती. १६ जून २०१८ ला बर्लिनहून निघाली, सगळं सामान सायकलवर, जेवण वाटेतल्या दुकानातलं, झोप कुठेतरी आडोशाला. लेल विल्कॉक्स तर आपण आज कुठे आहोत हे रोज जाहीर करायची आणि लोक येऊन तिच्याबरोबर सायकल चालवायचे. घड्याळ चालू होतं, तरी माणसं भेटलीच की.

आणि 'समोरचं चाक दिसतं' हे खरं नाही हो. मी ६०० करताना सांगोल्याजवळ पहाट झाली. त्या पहाटेत बाजरीच्या शेताचा जो वास आला तो मी कारने शंभरदा जाऊन कधी घेतला नव्हता. थकलेल्या शरीराला सगळं जास्त लागतं. थंडी जास्त लागते, चहा जास्त गोड लागतो, कुणी 'बस रे पोरा' म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. ताई, तुम्ही आनंद विचारलात, माझ्यापुरता तो हा आहे.

हेमा_नाशिक
+१ पेडल_पंढरी.
आमच्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये रॅम, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची ४,८०० किमीची शर्यत, दोघांच्या संघात पूर्ण करणारे पहिले भारतीय. दोन वर्षांनी श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. इथे पहाटे अंजनेरीच्या रस्त्याला गेलात तर सायकलींची रांग दिसते. त्यातले कितीतरी जण या लोकांकडे पाहून सायकलवर बसलेत. दोन वर्षं निवांत फिरणाऱ्याकडे पाहून एवढी पोरं उठली असती का, मला शंका आहे.

रामेश्वरकर
हेमाताई, मुद्दा मान्य. पण पोरं उठावीत म्हणून ताईंच्या लेकीने का धावायचं?

डॉ_अनुजा
घरच्यांच्या तयारीबद्दल विचारलंय, त्यावर लिहिते. मी स्वतः लांब चालवत नाही, पण चालवणारे माझ्याकडे येतात.

सर्वांत आधी बूड. ऐकायला हसू येतं, पण मोठमोठे बेत तिथेच मोडतात. घाम, घासणं आणि दाब यांनी फोड येतात, ते पिकतात. रोज स्वच्छ धुणं, कोरडं ठेवणं आणि चड्डी बदलणं, हे अंधारात, थंडीत, झोप अनावर झालेली असतानाही करावं लागतं. सीट आत्ताच पक्की करा, निघायच्या महिन्यात बदलू नका. दुसरं, हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. हँडलच्या दाबाने नस दबते आणि बोटं बधिर होतात, काहींना नंतर कित्येक महिने बटण लावता येत नाही. तिसरी मान. फार लांब शर्यतींत मानेचे स्नायू असे थकतात की डोकं वर धरता येत नाही. रॅममध्ये १९८३ ला मायकेल शर्मरला ते झालं, म्हणून त्याला शर्मरची मान म्हणतात.

बोमाँट दिवसाला ९,००० कॅलरीच्या आसपास खात होता. एकट्याने जाणारीला एवढं अन्न स्वतः शोधून, विकत घेऊन, चालत्या सायकलवर चावायचं असतं. पोट बिघडलं तर पाय कितीही चांगले असोत, उपयोग नाही. आणि मुलींच्या बाबतीत, पाळी अनियमित झाली तर ते 'सोयीचं झालं' म्हणून सोडून देऊ नका. शरीराला खाणं कमी पडतंय याची ती खूण असते आणि त्याचा हाडांवर परिणाम होतो. लेकीशी हे मोकळेपणाने बोला.

शेंगदाणा
९,००० कॅलरी म्हणजे पुरणपोळ्या किती?

डॉ_अनुजा
एक तीनशेची धरली तर तीस. तूप वेगळं 🙂

पर्थवासी
मी पर्थला असतो, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या भागाबद्दल लिहितो. बहुतेक सगळे इथून पूर्वेला जातात, कारण हिवाळ्यात वारा बराचसा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवरचा मिळतो. बहुतेकदा! तो फिरला की काय होतं ते सांगतो.

नलारबोर नावाचं पठार आहे. नावाचा अर्थच 'एकही झाड नाही'. त्यातून जाणाऱ्या आयर हायवेवर बॅलाडोनिया ते कायगुना या टप्प्यात १४६.६ किलोमीटर रस्ता सरळ आहे. एकही वळण नाही. पेट्रोल, खाणं आणि झोपायची खोली एकत्र मिळणारी रोडहाउसं या दोन ठिकाणी, मधल्या १८० किलोमीटरांत पाण्याचा नळ नाही. आम्ही गाडीने जात होतो, समोरून वारा होता. एक डॅनिश सायकलस्वार रस्त्याच्या कडेला बसलेला दिसला. त्याला पाणी आणि बायकोने केलेल्या दशम्या दिल्या. तो म्हणाला, सकाळपासून सहा तासांत साठ किलोमीटर झालेत. वळण नसल्यामुळे आपण पुढे सरकतोय हेच कळत नाही, म्हणून तो रस्त्याकडेचे खांब मोजत होता. दोन-दोन डबे जोडलेले ट्रक शेजारून जातात तेव्हा आधी हवा ढकलते, मग ओढते. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात.

हे घाबरवायला नाही लिहीत. तुमची लेक पर्थला आली तर आमच्याकडे उतरेल. निरोप ठेवा.

घाटवाट
विक्रमासाठी एकटीने, मदतीशिवाय जायचं असेल तर ओळखीच्या घरी ठरवून उतरणं चालतं का, हे आधी तपासा. 'मदतीशिवाय' या शब्दाची व्याख्या जपावी लागते. जे सगळ्यांना विकत किंवा सहज मिळू शकतं तेच घ्यायचं, असा साधारण रिवाज आहे.

पर्थवासी
म्हणजे वरणभात पण नाही? मग संपल्यावर ये म्हणावं.

मुळामुठा
वेदांगीचं नाव वर येऊन गेलं, पण तिच्यावर जरा थांबायला हवं, कारण ताईंच्या लेकीला सर्वांत जवळचं उदाहरण तेच. वीस वर्षांची होती, इंग्लंडमध्ये शिकत होती. जुलै २०१८ मध्ये पर्थहून निघाली. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून लुटलं, रशियात बर्फात एकटीने तंबू ठोकून रात्री काढल्या. २३ डिसेंबरला कोलकात्यात भारतातला टप्पा संपवला आणि मग निघाली तिथेच संपवायचं म्हणून परत पर्थला जाऊन शेवटचे पंधरा किलोमीटर चालवले. महिलांचा विक्रम गाठायचं मनात होतं, ते जमलं नाही. म्हणून ती थांबली का? नाही थांबली. मला १५९ हा आकडा याचसाठी मोठा वाटतो.

बंड्या_लंडन
तयारीत कागदपत्रं सर्वांत वर लिहा, पायांच्याही वर. आपल्या पासपोर्टवर या मार्गातल्या बहुतेक देशांना आधी व्हिसा लागतो. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांच्या कोणत्याही कालावधीत जास्तीत जास्त ९० दिवस मिळतात, आणि व्हिसावर तारखा छापलेल्या असतात. न्यूझीलंडला आजारपणात आठ दिवस गेले तर पुढच्या व्हिसाची मुदत तुमच्यासाठी थांबत नाही. ब्रिटिश किंवा अमेरिकन सायकलस्वाराला ही काळजी फारशी नसते. रशियातून जाणंही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. लेलने २०२४ ला तो भाग टाळला. शिकागो ते न्यूयॉर्क, मग पोर्तुगालपासून जॉर्जियापर्यंत, मग पर्थ ते ब्रिस्बेन, न्यूझीलंड, अलास्का ते लॉस एंजेलिस आणि परत शिकागो. लेकीला हा मार्ग अभ्यासायला सांगा.

माझा स्वतःचा एक बेत व्हिसाच्या तारखेमुळे बुडालाय. सायकल खोक्यात भरलेली होती. अजून आठवलं की घशाशी येतं.

घाटवाट
आणि पुरावा. जीपीएसची रोजची नोंद, फोटो, व्हिडिओ, साक्षीदारांच्या सह्यांची वही. यंत्र बंद पडलं आणि दुसरं नसलं तर त्या दिवसाचे किलोमीटर सिद्ध करताना नाकी नऊ येतात. घरी बसून ही नोंद रोज उतरवून ठेवणारं कुणीतरी हवं. ताई, हे काम तुमचं.

निशिगंध
कुणीच लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते. माइक हॉल. २०१२ मध्ये विमानाचा वेळ वगळून ९१ दिवस १८ तासांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही एकट्याने, मदतीशिवाय. लांब पल्ल्याच्या जगातला अत्यंत आदरणीय माणूस. ३१ मार्च २०१७ ला ऑस्ट्रेलियात, फ्रीमँटल ते सिडनी या शर्यतीत, कॅनबेराजवळ पहाटेच्या अंधारात कारची धडक बसून गेला. अनुभव कमी होता असं त्याच्याबाबतीत कुणीच म्हणू शकत नाही.

माझा भाऊ सायकलवर होता. हायवेच्या कडेला, दिवा लावून, पट्टे असलेलं जॅकेट घालून. तो वाचला, पण आमच्या घरातली रात्रीच्या फोनची भीती गेली नाही. तिचे बाबा गप्प आहेत ते मला कळतं. त्यांना बोलतं करा एवढंच सांगेन.

आजोबा_दादर
निशिगंध, भाऊ आता चालवतो का?

निशिगंध
चालवतो, आजोबा. आईने दुसरं जॅकेट आणून दिलं.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. उत्तर द्यायला चार दिवस लागले, क्षमस्व.

रविवारी लेक आली होती. माझा मूळ प्रश्न मी तिला तसाच विचारला, दोन वर्षं निवांत का नाही जात? ती म्हणाली, "आई, दोन वर्षांची रजा कोण देणार? चार महिने बिनपगारी कसेबसे मिळतील." मी हे विचारातच घेतलं नव्हतं. मग जरा थांबून म्हणाली, "आणि मला बघायचंय, मी तेवढी आहे का." त्यावर माझ्याकडे काही नव्हतं. डॉ. अनुजांनी लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. तीन महिन्यांपासून पाळी पुढे जातेय म्हणाली, आणि हे ती आत्तापर्यंत मला बोलली नव्हती. उद्या डॉक्टरकडे जातोय. डॉक्टर, तुमचे उपकार.

आता तिच्या बाबांचं. त्यांची अठ्ठावीस वर्षं एसटीत गेली, ड्रायव्हर म्हणून, त्यातली बरीच याच रस्त्यावर. गणित्यांचं कोष्टक मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. कराड, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "निपाणीपर्यंत गाडी नेली की संध्याकाळी माझे खांदे भरून यायचे. ही पायाने नेणार, रोज?" मला वाटलं आता नको म्हणतील. ते उठले, कपाटातून पाठकोऱ्या कागदांची चळत काढली आणि जेवण होईपर्यंत लिहीत बसले. सारोळा, खंबाटकी, सुरूर, पाचवड, सातारा, उंब्रज, कराड, पेठ नाका, किणी, कागल. कुठे पाणी चांगलं, कुठे रात्री टपरी उघडी असते, कुठे सेवारस्ता अचानक संपतो, कुठल्या पुलावर वारा आडवा मारतो. लेक शेजारी बसून विचारत होती आणि ते सांगत होते.

दोघांनी मिळून ठरवलंय ते असं. डॉक्टरांनी परवानगी दिली तर जानेवारीत लागोपाठ तीन दिवस, पुणे–निपाणी, निपाणी–पुणे, पुन्हा पुणे–निपाणी. सामानासकट, एकटीने. ते जमलं तर १,२०० किलोमीटरची राइड. मग पुढचं. तिचे बाबा मागे गाडी घेऊन जाणार म्हणत होते, तिने मदतीशिवायचा नियम दाखवला. मग ते एसटीने आधी निपाणीला जाऊन बसणार आहेत.

रामेश्वरकर
ताई, मी माझं मत बदललेलं नाही. पण तो कागद मला पाहायचाय. फोटो टाकाल का?

पेडल_पंढरी
मलाही. खंबाटकीच्या पुढचा तो सेवारस्ता मला दोनदा फसवून गेलाय.

गणित्या
तीन दिवसांचे ८१० किमी होतील. तिसऱ्या दिवसाचा वेग पहिल्याच्या किती टक्के राहतो ते नक्की लिहून ठेवा. खरी माहिती त्यातच आहे.

शेंगदाणा
मी कराडचा. कोल्हापूर नाक्यावर शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी घेऊन उभा राहिलो तर ती मदत धरतात का?

घाटवाट
सरावाला चालतं की. आणि नाक्यावर उभं राहून येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला देणार असाल तर विक्रमालाही चालेल बहुतेक.

शेंगदाणा
मग सगळ्यांना देतो. ताई, किती वाजता पोचेल?

कृष्णाकाठची
पुण्यातून पहाटे तीनला निघणार आहे. तिचे बाबा म्हणतात खंबाटकीत वेळ जाईल, अकराच्या आधी कराड नाही. भाकरी ज्वारीची असेल तर बरं, बाजरीची तिला पचत नाही.